मागच्या खोलीतलं लाल रजिस्टर

१

देवराव हवालदाराची एक खोड मला पहिल्या दिवसापासून पटली नाही. हा माणूस माझ्या खानावळीत पुढच्या दारानं येतो, दोन ताटं भात खातो, ढेकर देतो, आणि जाताना मात्र मागच्या दारानं जातो. मागचं दार म्हणजे माझं अंगण. उन्हाळ्यात तिथे मुगाच्या वड्या वाळत असतात, आणि त्यांच्यावरून याचे सरकारी बूट असे जातात, जणू त्या वड्या परेडला उभ्या केल्यात.

"देवरावभाऊ, पुढच्या दाराले काय रोग लागला?" मी विचारलं.

"बाई, आलो त्या वाटेनं परत जायचं नाई. एटापल्लीकडं, नक्षल्यांच्या जंगलात, पंधरा वर्षं काढली. तिकडं आमचा नियमच होता तो."

"मग माझ्या अंगणात कोणी सुरुंग पेरले?"

"वड्या त पेरल्या ना तुमी," म्हणाला आणि वर हसला.

मी वड्यांची चादर दोन हात सरकवून पाहिली. तो दोन हात सरकून गेला. बरं, बोलायचं कुणाला? गावातला सर्वात जुना हवालदार. मिशी अशी, की नवे शिपाई आधी मिशीला सलाम ठोकतात आणि मग त्याला.

माझी खानावळ सिंदेवाहीकडून येताना फाट्यावरच आहे. पुढे हॉल, बाजूला स्वयंपाकघर, हॉलमधून मागे बोळ. बोळाच्या टोकाला एक खोली आणि अंगणाचं दार. ती खोली मी गेल्या दिवाळीपासून रिनाला दिली आहे. रिना दर गुरुवारी ब्रह्मपुरीहून बसनं येते. मी तिला मनाची डॉक्टर म्हणते. ती म्हणते, "मावशी, डॉक्टर नाही, समुपदेशक." पोलीस, वनखात्याचे वाघ पकडणारे, आगीच्या गाडीवाले, एकशे आठ गाडीवाले, ज्यांना रोज नको ते पाहावं लागतं, त्यांनी तिच्यापाशी बसून बोलायचं. फुकट.

आधी तिला ठाण्यातच खोली दिली होती. चार गुरुवार एक माणूस फिरकला नाही. डोक्याच्या बाईकडे जाताना दिसणं म्हणजे त्यांच्यात उघडं फिरल्यासारखं. मग ती माझ्याकडे आली. खानावळीत शिरणाऱ्याला कोण विचारणार? कोणी म्हणे जेवायला आलो, कोणी म्हणे हात धुवायला चाललो. एकाचे हात तर तासभर धुतले जात होते.

माझा मिथुनही जायचा. तो एकशे आठ चालवतो. मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघानं धरलं होतं, तिला यानं गाडीत उचलून ठेवलं आणि दवाखान्यात पोचवेपर्यंत ती गेली. त्यानंतर पोरगं दीड महिना झोपलं नाही. भिंतीकडे पाहत बसायचं. रिनाकडे जायला लागला तेव्हा कुठे रोजची चार-पाच तास झोप लागू लागली. त्या झोपेसाठी मी रिनाकडून खोलीचं भाडं घेत नाही. हे मी कुणाला सांगत नाही, इथे लिहिलं तेवढंच.

चैत्रातला गुरुवार. चार वाजता रिना चहा प्यायला माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली. दहा मिनिटं बसली असेल. परत गेली आणि खोलीतून तिची किंकाळी आली.

टेबलावरचं लाल रजिस्टर नव्हतं.

२

त्या रजिस्टरात नाव, तारीख आणि सही, एवढंच होतं. मनातलं काही नाही. पण नावं तेवीस होती, आणि तेवीसही जणांनी आपण फक्त जेवायला येतो असं घरीदारी सांगून ठेवलेलं होतं.

"पोलिसात तक्रार देऊ," रिना रडकुंडीला येऊन म्हणाली.

"पोरी, त्या रजिस्टरात अर्धं ठाणं हाय. तक्रार घेईन कोण?"

तेवढ्यात देवरावच पुढच्या दारातून आत आला. दोनला जेवून गेलेला माणूस मघाशी चष्मा विसरला म्हणून पुन्हा आला होता. मी चहा गाळताना त्याला खिडकीतून हॉलमधून जाताना पाहिलं होतं. रस्त्यापलीकडे पोचला असेल, तोच ओरड ऐकून परतला.

"काय झालं? कोणी हलायचं नाई!"

हॉलमध्ये हलण्यासारखे तिघंच होते. जाहिद, आगीच्या गाडीवरचा. बुधू, वाघ पकडणाऱ्या पथकातला. आणि बोळाच्या तोंडाशी माझा मिथुन, कारण पुढचा नंबर त्याचा होता.

देवरावनं लगेच कागद मागितला. "खाजगीत पंचनामा करून ठेवू. बाहेर बोभाटा नको."

मी खुर्ची दिली. बसला नाही. उभ्या उभ्या लिहिलं. टेबलाखाली बघायचं तर मिथुनला वाकायला लावलं. चहा पुढे केला तर म्हणाला, "नको, पोट तट्ट भरलं हाय." देवरावचं पोट भरलंय हे वाक्य मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

खोलीत एक खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी सापडली. देवरावनं ती चिमट्यानं उचलली.

"हा पुरावा."

"आमच्या गावात खर्ऱ्याची पन्नी पुरावा असंल," मी म्हटलं, "त सरपंचापासून कोंबड्यापर्यंत सारे आत जातील."

मग तो अंगणात गेला, वड्यांची चादर पाहिली. वड्या सकाळीच घातलेल्या, वरून सुकलेल्या, आतून ओल्या. त्यांच्यावर बुटांचे ठसे.

"हे माझेच. दोनला गेलो तवाचे," म्हणाला आणि कागदावर लिहिलं, मागच्या दारानं संशयास्पद काही नाही.

शेवटी त्यानं घसा साफ केला. "बोळाच्या तोंडाशी कोण होतं? मिथुन. खोलीत जायची घाई कोणाले होती? मिथुनले. मी नाव घेत नाई, पण समजनाऱ्याले समजते."

जाहिद आणि बुधूनं माझ्या पोराकडे पाहिलं. ते पाहणं मला पाठीत लागलं.

रिना हळूच म्हणाली, "मावशी, सोमवारपर्यंत सापडलं नाही तर मला ऑफिसला कळवावं लागेल. मग ही खोली बंद होईल."

मिथुन उठला. "बंद कराच. मी त काही आता येत नाई." आणि गाडी घेऊन निघून गेला.

घरी आला तेव्हा जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला.

३

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं, चोर मीच शोधणार. रिनाला फोन लावला.

"गुरुवारी तुझ्याकडे कोण कोण आलं होतं?"

"सांगता येत नाही, मावशी. गोपनीय असतं."

"बरं, कोण नव्हतं आलं ते सांग."

"तेही सांगता येत नाही."

"कोणावर तुले संशय हाय?"

"मावशी…"

"ठेव फोन. तुझं काम ऐकायचं हाय, ते तुले छान जमते."

जाहिद दुपारी जेवायला आला, मान खाली घालून. त्याचा बाप कमरुद्दीन माझ्या ओळखीचा, शिलाई मशिनी दुरुस्त करतो. काल घरी निघताना तो शर्टावर हात दाबून होता, ते मी पाहिलं होतं. मी त्याच्या ताटात वरण वाढता वाढता विचारलं, "काल शर्टाखाली काय लपवून नेत होतास?"

त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. "काही नाई, खाला."

"खोटं बोलशील त आयशाले फोन लावतो. तुझी बायको मले मानते."

"खाला, फोन नका करू!" तो कानाशी आला. "जवसाच्या चटणीची बरणी होती. बोळातल्या फळीवरून घेतली. आयशाले सांगितलं होतं, बायनाबाईकडं दर गुरुवारी चटणी शिकाले जातो. पाच महिने झाले. ती म्हणे, आता करून दाखवा."

"आणि दाखवली?"

"तुमचीच दाखवली. लय खूश झाली. म्हणे, पुढच्या महिन्यात लोणचं शिका."

त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि ते काही तिखटामुळे नव्हतं. या पोरानं दोन वर्षांपूर्वी गिरणीच्या आगीतून एका म्हाताऱ्याला बाहेर काढलं होतं, दुसऱ्याला काढता आलं नव्हतं. मी बरणीचा विषय सोडला. सध्यापुरता.

"बोळात गेलास तेव्हा रजिस्टर पाहिलंस?"

"खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर लाल काहीतरी होतं खरं."

म्हणजे जाहिद बोळात गेला तेव्हा रजिस्टर जागेवर होतं. मग बुधू.

बुधू वनखात्याच्या नाक्यावर भेटला. गोंड माणूस, कमी बोलतो. वाघाला बेशुद्ध करायची बंदूक हातात धरतो तेव्हा हात हलत नाही. माझ्यापुढे मात्र चपलेनं माती उकरत बसला.

"बाई, मी गेलतो खोलीत," तो स्वतःहून म्हणाला.

"काऊन?"

"माझं पान फाडाले. मले सही येत नाई, अंगठा हाय तिथं. पथकात नवी पोरं आली. त्यांले समजलं, बुधूले वाघाचं सपान पडते, त माझ्या मागं जंगलात कोन चालंल?"

"मग फाडलं?"

"टेबल रिकामं होतं. कोणीतरी माझ्या आधीच नेलं." चपलेनं माती सारखी करत म्हणाला, "चोरावर मले राग नाई, बाई. त्यानं नेलं ते नेलं, मले वाटलं बरं झालं. मग मिथुनचं नाव निघालं अन् बरं नाई वाटलं."

"तुझ्या आधी बोळातून कोण आलं?"

"जाहिद. मग हवालदारसाहेब, चष्मा घेऊन. मग मी गेलो."

हवालदारावर संशय घ्यायचा? त्याचं काम त्या खोलीत काय? मिथुनला सगळ्यांदेखत म्हणणारा तोच होता, "मन काय टायर हाय का, पंक्चर व्हायले?" असा माणूस रजिस्टराला हात कशाला लावेल?

राहिला एकटा मिथुन. त्या संध्याकाळी मी माझ्या पोराला विचारलं, आणि विचारलं म्हणून अजून मला माझाच राग येतो.

तो म्हणाला, "आई, तू बी?"

४

शनिवारी सकाळी मी वड्या चादरीवरून सोडवायला बसले. राग आला की मी काम काढते. दोन दिवसांच्या उन्हानं वड्या खडखडीत झाल्या होत्या आणि बुटांचे ठसे त्यांच्यात विटेत उमटावेत तसे पक्के झाले होते.

पहिली रांग मी शिव्या देत सोडवली. दुसऱ्या रांगेला हात थांबला.

एका रांगेतल्या ठशांची टाच घराकडे, चवडा कुंपणाकडे. म्हणजे माणूस बाहेर गेलेला. दोन वाजता देवराव गेला, तो हाच.

दुसऱ्या रांगेतल्या ठशांचा चवडा घराकडे.

तेच बूट, तीच झिजलेली डावी टाच. हा माणूस अंगणातून आत आला होता.

मी तिथेच बसून राहिले. देवराव चष्म्यासाठी परत आला तो मागच्या दारानं. आणि गेला पुढच्या दारानं. जाणारच. मागून आलेला देवराव मागून जाऊच शकत नाही, हॉलमध्ये तीन माणसं बसलेली असोत की तीनशे. मी त्याला पुढच्या दारानं जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं, सात वर्षांत पहिल्यांदा, आणि चहा गाळत बसले होते.

आता चष्मा. तो विसरला असेल तर जेवला तिथे, हॉलमध्ये विसरला असेल. त्यासाठी कुंपणाकडून बोळात शिरायची गरज काय? सरळ रस्त्यावरून हॉलमध्ये आला असता. बोळात हॉलआधी एकच खोली लागते.

आणि तो पंचनामा! बसला नाही. वाकला नाही. चहा घेतला नाही, पोट तट्ट भरलंय म्हणाला. तट्ट होतंच. शर्टाच्या आत लांबलचक रजिस्टर उभं घातलेलं असेल तर माणूस वाकेल कसा? त्याच्या पोटावर अख्खं पोलीस ठाणं लपलं तरी बाहेरून कळणार नाही, ही त्याची सोय.

चोरानं चोरीचा माल पोटाशी धरून माझ्या घरात पंचनामा केला, आणि माझ्या पोराचं नाव घेतलं.

हात धुतले, लुगडं बदललं आणि डब्यात भात-वरण भरलं. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी भांडायला जाऊ नये, असं मला वाटतं.

पण एक प्रश्न सुटत नव्हता. रजिस्टर त्यानं जाळलं असेल तर माझ्या हाती काय? दोन ओळी वड्या.

५

पोलीस लाईनीत दार उघडलं ते त्याच्या बायकोनं, नीलाबाईनं. मी आत पाय ठेवायच्या आधीच तिनं माझ्यापुढे साडी धरली.

"बायनाबाई, पाहा हे! पोरीच्या साक्षगंधाची साडी. हा डाग कायचा समजा?"

लालभडक, कडक डाग. मी नखानं खरवडून पाहिला. लाख. पार्सलावर सील मारतात ती.

"कपाटात साडीमधी लाख आली कुठून?" नीलाबाई म्हणाली. "परवा हे घरी मेणबत्तीवर काहीतरी वितळवत बसले होते. विचारलं त म्हणे, सरकारी काम हाय. आता या उन्हात कपाट म्हणजे भट्टी. सारं पातळ होऊन साडीले चिकटलं."

देवराव आतल्या दारात येऊन उभा राहिला. बनियनवर. मिशी होती, पण आज तिच्यात जीव नव्हता.

"देवरावभाऊ," मी म्हटलं, "कपाट उघडता का मी उघडू?"

त्यानं उघडलं. साड्यांच्या खालून पांढऱ्या कापडात शिवलेलं पुडकं निघालं. चार ठिकाणी लाखेचं सील, वर सुबक अक्षरात चिठ्ठी: मुद्देमाल. लाल रजिस्टर, नग एक. वेळ चार वाजून पाच मिनिटं. ताब्यात घेणार, म्हणून पुढे स्वतःची सही आणि बक्कल नंबर.

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. "अहो, चोरी करून त्याची पावती कोणी फाडते का?"

"जाळाले गेलतो, बाई. चुलीपाशी बसलो," तो पलंगावर टेकला. "पण रजिस्टर हाय ते. अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीले, रजिस्टर नष्ट कराले लेखी आदेश लागते. हात उचललाच नाई. मग म्हटलं, निदान नीट बांधून ठेवू."

नीलाबाई साडी धरून तशीच उभी. "कायचं रजिस्टर?"

मी विचारलं, "त्यात तुमचं नाव कितवं?"

"तिसरं." आणि मग सगळंच बाहेर आलं. दर गुरुवारी तो जेवून मागच्या दारानं जातो असं आम्ही समजायचो. तो बोळातून रिनाच्या खोलीत वळायचा. तास झाला की अंगणातून जायचा. अकरा गुरुवार. "गुरुवारी सकाळी हजेरीत नवीन ठाणेदार म्हणाले, ते रजिस्टर मागवून घेतो, पाहू कोण कोण कच्चे निघतात. मी परेड घेतो, बाई. त्या पोरांले मी शिकवलं, भ्यायचं नाई."

"अन् भेता तुमी कायले?"

त्यानं नीलाबाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"एटापल्लीकडं एक डाव आम्ही आलो त्याच वाटेनं परतलो. पाऊस होता, पोरं थकली होती. मीच म्हटलं, चला, जवळ पडते. मी पुढं होतो. मी निघून गेलो. माझ्या मागचा नाई निघाला. लटारू नाव होतं. बावीस वर्षांचा."

कपाटाचं दार उघडंच होतं. नीलाबाई त्याच्याशेजारी जाऊन बसली. साडी मांडीवर घेतली, डागावर हात फिरवला आणि म्हणाली, "मले काऊन नाई सांगितलं?"

पण माझं पोर भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

"त्याचं मले दुःख हाय, भाऊ. पण मिथुनचं नाव काऊन घेतलं?"

"तोंडातून निघालं. कोणाचं त घ्यावं लागते ना पंचनाम्यात."

तिथूनच मी रिनाला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "हवालदारसाहेब, ठाणेदारांनीच काय, वरून कुणीही मागितलं असतं तरी मी ते रजिस्टर दिलं नसतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

"बाई," देवराव फोनमध्ये खरोखर चकित होऊन म्हणाला, "साहेबानं मागितलं अन् रजिस्टर गेलं नाई, असं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाई. मले वाटलं, तुमी बोलायची पद्धत म्हणून बोलल्या."

रिनानं विचारलं, "मग मावशी, आता?"

"रजिस्टर सापडलं एवढं लिही. बाकीचं या गुरुवारी हेच सांगतील. माझ्या हॉलमध्ये. सगळ्यांसमोर." मी डबा नीलाबाईच्या हाती दिला. "नाई सांगितलं, त मी सांगतो. अन् माझा आवाज फाट्यावरून ब्रह्मपुरीपर्यंत जाते."

६

गुरुवारी मी मिथुनला खानावळीत बळंच आणलं. कांदे चिरायला माणूस नाही, असं सांगून. डोळे लाल, गाल बसलेले. आठ दिवसांत पोरगं दहा वर्षांनी मोठं दिसत होतं.

दीड वाजता हॉल भरला होता. चार शिपाई, वनखात्याचे दोघं, जाहिद, बुधू. देवराव आला तो पूर्ण गणवेशात. बसला नाही. शिपाई उठून उभे राहिले.

"बसा," तो म्हणाला. मग आवाज चढवला, परेडवर चढवतो तसा. "रजिस्टर मी चोरलं होतं. मिथुननं नाई. मी खोटा पंचनामा केला." त्यानं टोपी काढली. "त्यात माझं नाव तिसरं हाय. अकरा गुरुवार झाले. आज बारावा." आणि बोळाकडे तोंड करून जोरात हाक मारली, "रिनाताई! माझा नंबर कधी हाय?"

रिना बोळातून बाहेर आली. "तुमच्या आधी मिथुन आहेत," एवढंच म्हणाली.

"मग तो जाऊ द्या आधी."

मग बुधू उठला. "त्याच्या मागं माझा नंबर लावा."

"माझा बी," जाहिद म्हणाला. "अन् खाला, त्या बरणीचं…"

"तुझं वेगळं पाहतो मी. बस."

एक नवा शिपाई, गोपाल नावाचा, भातात बोट फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, "नाव कुठी लिहायचं, ताई?"

मिथुन आत गेला. तासानं बाहेर आला आणि कोपऱ्यातल्या बाकावर टेकला. मी कांद्याची टोपली घेऊन त्याच्याकडे वळेपर्यंत त्याची मान एका बाजूला गेली होती. झोपला. हॉलमध्ये ताटं आपटत होती, जीप हॉर्न मारत होती, जाहिद लोणच्याची चौकशी करत होता, आणि माझं पोर तोंड उघडं टाकून घोरत होतं.

देवराव दबक्या पावलानं बाकापाशी गेला. टोपी हातात, मिशी खाली. त्याला उठवून माफी मागणार होता. मी पळी घेऊन आडवी झाले.

"हात लावू नका त्याले. माफी उद्या मागा, परवा मागा, तो उठंल तवा मागा. अन् आता माझं ऐका, देवरावभाऊ. चोर म्हणून तुमी एकदम बेकार. पोलीस म्हणून त्याहून बेकार, स्वतःचाच माल स्वतःच जप्त केला. पण आज या हॉलमधी उभं राहून जे बोलले, ते बोलाले मले बी हिंमत झाली नसती. म्हणून तुमचं ताट मी बंद करत नाई. बसा, अन् हळू जेवा, पोरगं झोपलं हाय."